तेलाची रेघ

मिस्त्री,

आज दुकानात एक तापून निळी पडलेली पट्टी आलीय. रोह्याला स्टँडच्या मागे मी मशीन दुरुस्तीचं दुकान टाकलं, ते तुम्ही गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी, म्हणजे तुम्हाला ते ठाऊक असायचं कारण नाही. झाडं कापायच्या मशीनची ती लांब पोलादी पट्टी, जिच्या कडेने साखळी धावते, तीच. खाचेत भुशाचा आणि तेलाचा असा राप बसलाय की तेल जायला वाट नाही. आणणारा माणूस सांगतो, मशीन खराब आहे. मशीन उत्तम आहे, पट्टी उपाशी आहे, हे मी आज सकाळपासून तिसऱ्यांदा सांगितलं. आता सांगायचाही कंटाळा येतो. बोटं आखडतात, चष्मा लावूनसुद्धा तेलाचं ते बारीक भोक सापडत नाही. पण निळी पट्टी दिसली की तुम्हाला सांगायचं राहिलेलं आठवतं, आणि मग दिवसभर कामात लक्ष लागत नाही. म्हणून बिलाच्या वहीमागे लिहायला बसलोय.

नव्वदनंतरची ती वर्षं. कंपनीतल्या ठेकेदाराने मला कमी केलं, घरात बायको आणि लहान मुलगी, आणि पेणला तुमच्या दारात येऊन उभा राहिलो. पट्टी साफ करायला तुम्ही मला शिकवलंत ते काकींच्या स्वयंपाकघरात, कारण पडवीत उजेड कमी. जमिनीवर पेपर अंथरून तुम्ही पट्टी ठेवता, हॅकसॉ ब्लेडच्या तुकड्याने खाच खरवडता, तारेने तेलाचं भोक मोकळं करता. काकी चुलीपुढून ओरडतात, "भाकऱ्या करू का तुमचं ऑइल खाऊ?" आणि तुम्ही मान वर न करता म्हणता, "तुला नाय गो, हिला पाजायचंय." दर वेळी पट्टी उलटी करून बसवायची, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. मी एकदा ते विसरलो तर चार माणसांत माझी काढलीत. "एका कुशीवर महिनाभर झोपून दाखव, मग कळंल तिला काय होतं." माणसं हसली. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. बत्तीस वर्षांचा बाप्या मी, आणि शाळेतल्यासारखा उभा.

सगळ्यात शेवटी रेघ. मशीन चालू करून पट्टीचं टोक ताज्या कापलेल्या लाकडाजवळ धरायचं, त्यावर काळ्या तेलाची रेघ उमटली तरच झाडाला हात लावायचा. गाड्यांचं जळकं ऑइल आपण फडक्यातून गाळून वापरायचो, त्यामुळे रेघ लांबून दिसायची.

पेणच्या एका गणपती कारखानदाराने रोह्याजवळच्या वाडीतला फणस पाटांसाठी घेतला, ते थंडीचे दिवस. वाडीतच मुक्काम होता. संध्याकाळी वाडीची म्हातारी मालकीण तुम्हाला म्हणाली, "याच्या पाटावर देव बसनार, गाडीचं जळकं तेल नको लावू रे बाबा." तुम्ही हसण्यावारी नेलंत. "देवाला समदं चालतं, आजी." तुम्ही आंघोळीला गेल्यावर तिने माझ्या हातात खोबरेल तेलाची बाटली दिली. मला तिला नाही म्हणवेना. टाकीतलं काळं तेल काढलं, खोबरेल भरलं, चालवून बघितलं तर छान वाहत होतं. तुम्हाला सकाळी सांगू म्हटलं.

सकाळी अंगणात अशी थंडी की बाटलीतलं उरलेलं खोबरेल पांढरं थिजलेलं. टाकीतलंही तसंच थिजलं असणार, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं, कोकणात जन्म गेलाय. मी झाडावर दोर बांधायला चढलो आणि वरून बघितलं, तुम्ही टोक लाकडाजवळ धरलंत. वाकून बघितलंत. परत धरलंत, परत वाकलात. मग फणसाला लावलीत. थोड्याच वेळात धूर निघाला, पट्टी निळी पडली, साखळी तटकन तुटली. कुणाला लागलं नाही. जळक्या खोबऱ्याचा वास मला वर फांदीवर आला, तपकीर ओढून ओढून बधिर झालेल्या तुमच्या नाकाला काही कळलं नाही. तुम्ही विहिरीवर तोंड धुवायला गेलात तेवढ्यात मी खाली उतरून टाकी रिकामी केली आणि परत काळं तेल भरलं.

तुम्ही येऊन फणसाच्या मुळावर बसलात. "मला रेघ दिसली नाय रे," म्हणालात. "वाटलं, असंल, माझ्याच डोळ्यांना दिसत नाय. मोतीबिंदू वाढला असंल. विचारायची लाज वाटली तुला." मी म्हटलं, "होतं असं कधी कधी, मिस्त्री." एवढंच म्हटलं.

त्यानंतर तुम्ही मशीन हातात धरली नाहीत. डॉक्टर म्हणाला, मोतीबिंदू अजून कच्चा आहे, घाबरू नका. तुम्ही ऐकलं नाहीत. नवीन पट्टी बसवून मशीन माझ्या घरी आणून दिलीत. पुढे चार वर्षं तुम्ही दारात बसून असायचात, मी जाता-येता चहाला थांबायचो, आणि तुम्ही विचारायचात, "आंधळा माणूस चालवीत होता मशीन, कुणाचा जीव गेला असता तर?" मी चहा प्यायचो.

रेघ नव्हतीच, मिस्त्री. तुम्हाला बरोबर दिसत होतं.

हे पत्र कुठे टाकायचं, काकीही आता नाहीत. मी भ्यायलो म्हणून बोललो नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय. ते फक्त त्या दिवसापुरतं खरं होतं. दुसऱ्या दिवसापासून मला मशीन हवी होती.