सत्यवतीचं ऑपरेशन आणि माझे विनोद

३ जुलै, सकाळ
मी विनोद केला की सत्यवती उठून आत का जाते, याचा अखेर उलगडा झाला. मुलीनं, प्रणालीनं सांगितलं. आई खोकलली, शिंकली, हसली की लघवी निसटते. दोन वर्षं झाली. म्हणूनच एसटी नको, माहेर नको. फार वाईट वाटलं. पण म्हणजे बाई हसत होती! अकोल्यात चाळीस वर्षं लग्नांचं सूत्रसंचालन उगाच नाही केलं. संकल्प: ती बरी होईपर्यंत घरात विनोद बंद.

४ जुलै
चहाच्या वेळी एकच, अगदी लहान झाला. ती हसली नाही. कंट्रोल करून राहिली असणार. बिचारी.

९ जुलै, अमरावती
डॉक्टरीणबाईंना आधीच सांगितलं, दोष माझा, मी फार हसवतो. त्यांनी सत्यवतीला विचारलं, कधी निसटते? म्हणे, खोकलताना, शिंकताना, पिठाचा डबा उचलताना. हसताना? म्हणे, घरी तसा प्रसंग येत नाही. लाजते हो.
आधी तीन महिने व्यायाम. लघवी रोखल्यासारखं आवळायचं, सोडायचं. सोबत म्हणून मीही करणार, रोज.

१२ जुलै
माझा व्यायाम सुटला. तिचा चालू आहे.

१४ ऑक्टोबर
फरक पडला, पण पुरेसा नाही. आता ऑपरेशन. पर्याय चार: मूत्रमार्गाला आधार म्हणून जाळीची पट्टी, स्वतःच्याच पोटातून काढलेली पट्टी, टाके घालून पिशवीचं तोंड वर उचलणं, नाहीतर इंजेक्शन. मी तक्ता करून मार्क दिले. इंजेक्शन पहिलं. त्याचा असर ओसरतो, पुन्हा घ्यावं लागतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ते मार्क दिल्यावर. सत्यवती म्हणे, अंग माझं, पट्टीबी माझ्याच पोटातली. तक्त्यात ती तिसरी होती. पहिली केली.

६ नोव्हेंबर
ऑपरेशन छान झालं. नर्सनं मला बाहेर बसवलं. म्हणाली, गर्दी नको. खरं कारण टाके. हसवलं तर दुखणार.

२२ डिसेंबर
तपासणी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जोरात खोका. खोकलली. कोरडी! सत्यवती रडली, मीही रडलो. आता मोकळं हसा, म्हणाल्या. म्हणजे जबाबदारी माझ्यावर आली. संकल्प: माझा सगळ्यात जोरदार विनोद काढायचा.

११ जानेवारी, शेंदूरजनाघाट
सत्यवतीच्या भावाच्या संत्र्याच्या मळ्यात रोडग्यांचं जेवण, गोवऱ्यांवर भाजलेले. एसटीत ती खिडकीशी बसली, पूर्ण रस्ताभर खुश. जेवणं झाल्यावर मी उभा राहिलो. विनोद केला, मध्ये दोन पॉझ घेऊन. सगळे संत्री सोलू लागले. सत्यवती उठली नाही, हसलीही नाही. जवळ जाऊन हळूच विचारलं, अजून भेव वाटते का?
ती हळू बोलली नाही. म्हणे, आता कायचं भेव? पण हा विनोद मी लग्नापासून ऐकून राहिली. आधी निदान उठून जायले बहाना होता, तुमी तोबी ऑपरेशन करून काढला!
अख्खा मळा हसला. सगळ्यात जास्त तीच, पोट धरून, बसल्या जागी. दोन वर्षांत तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.
वाक्य उतरवून घेतलं. पुढच्या लग्नात वापरीन. वाक्य कोणाचं, ते सांगणार नाही.