हवेचा निर्णय माझ्याकडे

२ नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. महत्त्वाचा निर्णय घेणाऱ्या माणसाचे विचार कुठेतरी लिहिलेले असावेत.

नवं घर भिंतींपर्यंत आलं आहे. जाड भिंती, दुहेरी काचा, एकही फट नाही. विजेची बचत करणारं घर ही कल्पना माझीच. आज ठेकेदारांचा फोन आला, की घर एवढं बंदिस्त केलंय तर हवा खेळती ठेवायला यंत्र लागेल, कोणतं ते सांगा. दादा म्हणाला, खिडकी नावाचं एक यंत्र असतं, मॅडमनी ऐकलंय का? (घरातली पहिली पदवी माझी. तेव्हापासून मी मॅडम.) मी शांतपणे समजावलं, की खिडकी उघडली की घरातली ऊब बाहेर जाते आणि रस्त्याची धूळ आत येते, आणि बाबांचा खोकला आधीच काय कमी आहे? बाबांनी घास गिळला आणि म्हणाले, हवेचं ती ठरवेल. शिकलीय ती.

आयुष्यात पहिल्यांदा घरातला एक अख्खा निर्णय माझा. रविवारपर्यंत ठरवते.

५ नोव्हेंबर
माझी खोली पाहून आले. जिना चढला की समोरच. आजवर आत्याच्या शेजारी झोपले. आत्या घोरते, आणि घोरत नाही म्हणून भांडते. पुढच्या शिक्षणाची प्रवेश परीक्षा फेब्रुवारीच्या शेवटी आहे; तिचा अभ्यास या खोलीत होणार. माझ्या खोलीचं दार बाबा स्वतः बनवताहेत. सुतारकामात आयुष्य गेलं, पण घरच्यासाठी दार पहिलंच. आतून कडी लावणार आहेत. म्हणाले, कडी घाल आणि बस वाचत. कोणी हाक मारणार नाही, मी बघतो.

९ नोव्हेंबर, रविवार
ठरवलं नाही. घाईचे निर्णय न शिकलेली माणसं घेतात.

यंत्रं तीन प्रकारची. एक घरातली हवा बाहेर फेकतं. दुसरं बाहेरची हवा आत ढकलतं. तिसरं दोन्ही करतं, शिवाय जाणाऱ्या हवेची ऊब येणाऱ्या हवेला देतं. तक्ता केला, रंग भरले. दादाने विचारलं, लाल म्हणजे चांगलं की वाईट? ते ठरवायचं राहिलं आहे.

१४ नोव्हेंबर
ठेकेदार म्हणाले, ताई, छत बंद करायचंय, त्याआधी पाइप जायला हवेत, सांगून टाका. मी म्हटलं, तुमचं काम माझ्यासाठी थांबवू नका, निर्णय लोकशाही पद्धतीने होईल. मग सगळ्यांची मतं घेतली. आत्या म्हणाली, आवाज करत नाही ते घे. आई म्हणाली, पुसायला सोपं असेल ते. बाबा म्हणाले, तू म्हणशील ते. दादाने खिडकीला मत दिलं. चारही मतं तांत्रिक नसल्याने बाद.

२१ नोव्हेंबर, संध्याकाळ
हवा मोजायचं मीटर आणलं. हवा ताजी असेल तर हिरवा दिवा, कोंडली की लाल. दार लावून सगळ्यांना त्याचं महत्त्व समजावून सांगितलं. बोलता बोलता दिवा लाल झाला. या भाड्याच्या खोल्या किती वाईट आहेत याचा पुरावाच मिळाला. आई म्हणाली, मघाशी तू बाहेर होतीस तेव्हा हिरवा होता गं.

ताबडतोब फेरतपासणी. आतल्या खोलीत बाबा एकटे बसले होते: हिरवा. दार लावून त्यांना प्रयोग समजावला: लाल. निष्कर्ष: बाबांचा श्वास हवेला फार जड आहे. काळजीची गोष्ट.

३ डिसेंबर
ठरवलं! तिसरं. त्यातलंही सगळ्यात मोठं, म्हणजे उद्या घरात माणसं वाढली तरी चिंता नको.

ठेकेदारांना फोन केला. ते म्हणाले, ताई, छत मागच्याच आठवड्यात बंद केलं, थांबू नका असं तुम्हीच म्हणाला होतात. मी म्हटलं होतं, पण तत्त्व म्हणून. आता एकाच खोलीचं छत उघडं आहे: माझ्या. तिथे दिवा कुठे लावायचा ते मी अजून कळवलं नव्हतं. तेव्हा यंत्र तिथेच बसेल आणि पाइप भिंतीतून खाली उतरतील. आई म्हणाली, अगं, मग तुझी खोली? मी म्हटलं, आई, शरीरात फुप्फुसं कुठे असतात? हृदयाच्या शेजारी. आई पोळ्या लाटायला गेली.

१० डिसेंबर
यंत्र आलं. फोटोत बॅगेएवढं दिसत होतं. कपाटाएवढं आहे. टेबलाची जागा गेली. हरकत नाही, मोठमोठी माणसं पलंगावर बसून शिकली आहेत. मग कळलं, जाळ्या साफ करायला यंत्राचं झाकण उघडावं लागतं आणि झाकण पलंगाला अडतं. पलंग भिंतीला उभा करून ठेवला. दिवसा तसाही तो लागत नाही.

दार लावल्यावरही हवा फिरायला हवी, म्हणून दाराखाली फट लागते. बाबांना म्हटलं, दार खालून तासा. बाबांनी दारावरून एकदा हात फिरवला. मग रंधा घेऊन आले आणि म्हणाले, किती? मी बोट आडवं धरून दाखवलं. त्यांनी दार बिजागरीवरून उतरवलं. भुसा आईने झाडला. खोकला आला बाबांना.

४ जानेवारी
नव्या घरात आलो. हॉलमध्ये नियम लावले. पहिला नियम: खिडकी उघडायची नाही. दुसरा नियम: पहिल्याला अपवाद नाही. दादाने विचारलं, श्वास घ्यायचा की त्याचीही परवानगी काढायची?

यंत्र चालू. अखंड घुंघुं. कानाला सवय झाली की संगीतच.

६ जानेवारी
कानाला वेळ लागतोय. पलंग रोज रात्री आडवा आणि सकाळी उभा करताना पाठही धरली. सेटिंग नीट होईपर्यंत तात्पुरती हॉलमध्ये झोपते. आत्या तिथेच असते. म्हणाली, आलीस का परत? मी म्हटलं, तात्पुरती. म्हणाली, बरं, सरक तिकडे.

अभ्यास उद्यापासून, ओट्याजवळ बसून.

१५ जानेवारी
परीक्षेच्या क्लासहून आले तर आत्याचं शिलाई मशीन माझ्या खोलीत. म्हणाली, तिथे एक मशीन बोंबलतंच आहे, त्यात दुसऱ्याने काय बिघडलं? हा तर्क चुकीचा आहे. पण घर एकोप्याने चालतं. परवानगी दिली. (ती मशीन नेऊन झाल्यावर.)

अभ्यास: आज आईची डाळ उतू गेली म्हणून नाही.

२८ जानेवारी
विजय! आठवडाभर मीटर सगळीकडे हिरवं. बाबांचा खोकला जवळपास बंद. जेवतानाही नाही, जिना चढतानाही नाही. यंत्र रुळल्यामुळे आवाजही उरलेला नाही. आईच्या खोलीतले पडदे तर चक्क हलत होते. एवढ्या लांब पाइपातून एवढा झोत येईल असं कंपनीनेही म्हटलं नव्हतं.

अभ्यास बाजूला ठेवून अहवाल लिहायला घेतला आहे. समाजाला त्याचा जास्त उपयोग.

८ फेब्रुवारी, रविवार
हॉलमध्ये अहवालाचं वाचन. ठेकेदारांनाही बोलावलं. एक खिडकी कोणीतरी विसरून उघडी ठेवली होती, ती बंद केली. दारं लावली. प्रस्तावना संपते न संपते तोच मीटर लाल. दादा म्हणाला, मॅडम, थोडक्यात आटपा, ठेकेदारांना पोरंबाळं आहेत.

मी म्हटलं, मीटर बिघडलंय, यंत्र बघा, आणि सगळ्यांना वर नेलं. यंत्र गप्प. त्याची वायर खाली लोंबत होती. तिच्या जागी शिलाई मशीनची वायर. मी विचारलं, हे कधीपासून? आत्या म्हणाली, मशीन वर आणलं त्या दिवसापासून. तुझ्या खोलीत प्लगची जागा एकच, मी काय दातांनी शिवू?

मग हवा? मी विचारलं. आई म्हणाली, तू क्लासला गेलीस की खिडक्या उघडतो. यायच्या वेळेला लावतो. तू झोपलीस की पुन्हा उघडतो. बाबाच म्हणाले, पोरीला कळू देऊ नका, तिने मनापासून केलंय.

ठेकेदार छताकडे बघत होते. बाबा दाराखालच्या फटीकडे.

९ फेब्रुवारी
नवा निर्णय. यंत्र बंद, म्हणजे आवाज नाही. आवाज नाही, म्हणजे अभ्यासाला खोली उत्तम. विचार करता सगळं योजनेप्रमाणेच झालं आहे. परीक्षेला अजून वेळ आहे. उशी आणि पुस्तकं घेऊन वर गेले.

पलंग आडवा होता, यंत्राच्या झाकणासमोर. बाबांनी दुपारी मांडून दिला म्हणे, झाकण आता कोण उघडतंय. त्यावर आत्या. म्हणाली, घरातली सगळ्यात शांत खोली हीच आहे गं. खाली तू झोपेत भाषणं करतेस. मी स्पष्ट सांगितलं, की ही खोली माझी आहे, तुझी व्यवस्था तात्पुरती आहे. म्हणाली, हो हो, तात्पुरतीच, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

मी वळले तशी म्हणाली, जाताना दार ओढून घे. आणि ते पायपुसणं सरकव फटीला, हवा येते.

सरकवलं. अगदी घट्ट बसलं.