भिंगरीसाठी वकील

४ जून

ती. दादास,
धाकटीचा सा. न.

तुझा खोकला वहिनीला झोपू देतो की नाही?

इकडे माझीच झोप उडालीय. फ्रेमच्या दुकानातली माझी भागीदार, माझी जिवाभावाची मैत्रीण, जाऊन दोन वर्षं होतील. तेव्हापासून तिची लेक भिंगरी माझ्याजवळ आहे; वडील तर आधीच वारले होते. आता तिचा मामा परदेशातली नोकरी सोडून परतलाय. त्याने वकिलाकरवी नोटीस पाठवलीय, की भाची रक्ताच्या नात्यातच वाढली पाहिजे. मैत्रिणीने जाताना लेकीचा हात माझ्या हातात दिला, पण कागदावर मी तिची कोणीच नाही. भिंगरीला अजून काही बोलले नाही. ती आपली नऊचा पाढा चुकवतेय.

वकील कोणता करू? लवकर लिही. लोभ आहेच, सल्लाही दे.

धाकटी

११ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

खोकला माझा, तक्रार वहिनीची, असं चाललंय.

तू सरळ वकीलकाकांकडे जा. बाबांवर गोदाम जाळल्याचा आळ आला होता, आठवतं? कोर्टाच्या व्हरांड्यात आपण बाकावर पाय हलवत बसलो होतो. आतून काकांचा आवाज गरजला आणि तू माझ्या हातात नखं रुतवलीस. खोटा साक्षीदार घाम पुसत बाहेर आला होता. संध्याकाळी बाबा सुटून घरी आले, काकांनी तुला त्यांचा काळा कोट घालू दिला आणि तू त्यात पाय अडकून सपशेल आडवी झालीस! बाबा किती दिवसांनी हसले होते. त्या मामाचीही तशीच भंबेरी उडू दे.

भिंगरीला पापा. माया आहे तशीच ठेव.

दादा

२ जुलै

ती. दादास सा. न.

काकांकडे गेले. आवाज बसलाय, पण मिश्या तशाच. आधी बाबांच्या आठवणी निघाल्या. मग त्यांनी कागद वाचून परत माझ्याकडे सरकवले. म्हणाले, पोरी, माझा जन्म माणसांना तुरुंगातून सोडवण्यात गेला, माणसं जोडून ठेवणं मला जमत नाही. मी मामाला पिंजऱ्यात उभं करून सोलून काढीन, पण त्या पोरीला त्याच्यावाचून रक्ताचं दुसरं कोण आहे?

त्यांनी बजावलं, की मुलांच्या पालकत्वाचेच खटले चालवणारा वकील शोध, आणि आधी काय करणार ते त्याला विचार. पहिले भेटले ते बसायच्या आत जिंकलोच म्हणाले. मी चप्पल घालून निघाले. दुसऱ्या बाई होत्या. त्यांनी आधी मलाच विचारलं, की भिंगरीला मामा आवडतो का? दादा, खरं सांगते, मी तिला कधी विचारलंच नव्हतं. वकीलपत्र त्यांनाच दिलंय.

जीव टांगणीला लागलाय. आठवण असू दे.

धाकटी

२० सप्टेंबर

ती. दादास सा. न.

निकाल लागला! भिंगरी माझ्याकडेच राहणार, आता कागदोपत्रीसुद्धा. सुट्ट्या मामाकडे.

बाईंनी कोर्टाआधी आम्हाला समोरासमोर बसवलं. मी भांडायच्या तयारीने गेले होते. मामाने बहिणीचाच विषय काढला. परदेशातून तो तिच्या शेवटच्या दिवशीही पोचू शकला नव्हता. लहानपणी ती भिंतीवर चालणाऱ्या मुंग्यांना नावं द्यायची, म्हणे. मला हे ठाऊकच नव्हतं. मी तिला भेटले तेव्हा ती विशीची होती.

न्यायाधीशांनी भिंगरीला एकटीला खोलीत बोलावलं. बाहेर मी आणि मामा एकाच बाकावर बसून होतो. तिने सांगितलं, की मला मावशीकडेच राहायचंय, पण मामाला परत जाऊ देऊ नका. आई माझ्याएवढी होती तेव्हाची फक्त त्यालाच माहीत आहे.

काल तो आला होता. दोघं दुकानाच्या पायरीवर बसून बोलत होती. मीही काम टाकून ऐकायला जाऊन बसले.

वहिनीला नमस्कार. लोभ वाढवत राहा.

तुझी धाकटी