नावाआधीचं अक्षर

माय, नांदेडचं भांड्याचं दुकान बंद झालं. अण्णांचं दुकान, ज्याच्या दारात तू चौदा वर्षं पोत्यावर बसून लोकांच्या भांड्यांवर नावं टाकलीस. मला लातूरला कळलं, मोबाईलवर. मी सध्या लातूरला असतो, एका मेसमध्ये. डॉक्टर व्हायला आलेली पोरं इथं जेवतात; मी वाढतो, भाजी आणतो, सिलिंडर बदलतो. सध्या म्हणजे चार महिने झाले. त्याआधी हैदराबादला बेकरीत होतो, त्याआधी सुरतेला, मधी एक पावसाळा कुठंच नव्हतो. ते राहू दे. दुपारी पोरं क्लासला गेली की मेस रिकामी होते, पंखा माझ्या एकट्यासाठी फिरतो, तेव्हा हे लिहून राहिलो.

कुणीतरी दुकानावरच्या फलकाचा फोटो टाकला होता, 'माल संपेपर्यंत' असं लिहिलेला. मी तोच उचलला आणि माझ्या स्टेटसला लावला. खाली लिहिलं, आमचं दुकान, बालपण गेलं. रडकी तोंडं टाकली दोन-तीन. गावाकडच्या पोरांनी धडाधड हात जोडले. एकानं मात्र विचारलं, "तू शेवटचा कवा गेलतास बे तिथं?" तू गेल्यापासून मी त्या पायऱ्या चढलो नव्हतो, माय. नांदेडला आलो तरी पलीकडच्या गल्लीनं वळसा घालून जायचो. माझी पाण्याची बाटली, डबा, सगळं मोबाईलवरून मागवलेलं. दुकान बंद पडलं म्हणून गळा काढणाऱ्यांत मी सगळ्यात पुढं, आणि दुकानात न जाणाऱ्यांत पण मीच पुढं.

पण आठवतं सगळं. आत शिरलं की डाव्या हाताला तू. मांडीवर चौघडी टॉवेल, त्यावर तांब्या नाहीतर ताट, हातात ती पेनासारखी मशीन, टर्रर्र आवाज. लहान पोरं कानावर हात ठेवायची. भिंतीला उतरत्या मापानं पराती टांगलेल्या, त्यात आपली तोंडं रुंद दिसायची. खेड्यातून आलेल्या बाया घागरीला बोटाच्या पेरानं वाजवून बघायच्या, कान लावून, जशी काही घागर त्यांना काही सांगणार होती. तू सातवी शिकलेली. पण तुझं अक्षर असं गोल की मास्तर लोक भांडं हातात घेऊन थांबायचे.

आणि तुझा तो प्रश्न. चिठ्ठीवरचं नाव वाचायचीस आणि मशीन सुरू करायच्या आधी गिऱ्हाइकाकडं बघून विचारायचीस, "हायेत का?" म्हणजे माणूस जिवंत आहे का. नावाच्या आधी चि. टाकायचं का कै. टाकायचं ते त्यावर ठरणार. अण्णांच्या लिंगायत समाजात गेलेल्या माणसाला लिंगैक्य म्हणतात, म्हणून त्यांच्यातलं कुणी असलं तर आणखी विचारायचीस, "तुमच्यात लिं. लिहितात ना?" लोक चिडायचे. एकदा एक म्हातारा स्वतःचंच नाव टाकून घ्यायला आला होता. म्हणाला, "बाई, मी समोर उभा हाय, दिसत न्हाई का?" तू म्हणालीस, "दिसता की. पण हे नाव तुमचंच हाय हे मला कुठं ठावं?" सगळं दुकान हसलं. मी शाळेचं दप्तर घेऊन तिथंच उभा होतो आणि मला मेल्यासारखं झालं होतं. लोकांच्या आया डबा भरतात, अभ्यास घेतात. माझी माय दिसंल त्या माणसाला विचारते, तुमचं कोण मेलं का.

घरी आल्यावर मी म्हणालो होतो, कामून विचारतेस असं? तू भाकरी थापत होतीस. "मशीनला खोडरबर नसतो," एवढंच म्हणालीस. चुकलं तर पॉलिश करून घासावं लागतं, आणि घासलं तरी तिथं फिका डाग राहतो. त्याला दुकानात 'नाव काढणं' म्हणायचे. म्हणून मामी जवा मला बघून म्हणायची की पोरगं मायचं नाव काढील, तवा तू लई हसायचीस. म्हणायचीस, "आमच्या दुकानात नाव काढणं म्हणजे पुसणं हाय, वहिनी." मी दोन्हीतलं कोणतं केलं ते तुला माहीत आहे.

त्या दिवशी तू सरकारी दवाखान्यात डोळ्याचा नंबर काढायला गेली होतीस. लग्नसराई होती. अण्णा जेवायला घरी, दुकानातला गडी, ज्याला सगळे मामा म्हणायचे, तो टेम्पोबरोबर भांडी पोचवायला. मी बारावीत नापास होऊन रिकामाच होतो, मला मशीन तुझ्यासारखीच जमायची. जाताना म्हणालीस, "तासाभराचं काम हाय. पण विचारून टाक." मी हाव म्हणालो. दोन चिठ्ठ्या होत्या. पहिली मुदखेडकडच्या एका गावाची, देवळाला मोठं पातेलं, कुणाच्या तरी बापाच्या स्मरणार्थ. ते कै. टाकून नीट केलं. दुसरी लोह्याच्या लग्नाची. पाच ताटं, एक घागर, नवरदेवाचं नाव. नवरी पोरीचा मामा समोर स्टुलावर चहा पिऊन राहिला होता. तेवढ्यात दोस्ताचा फोन आला, त्याचा कुणीतरी हैदराबादला कामाला लावून देणार होता. मी फोन कानात आणि खांद्यात धरला आणि हात चालू ठेवला. हात आधीच्याच अक्षरावर होता. सहाच्या सहा भांड्यांवर नवरदेवाच्या आधी कै. टाकलं आणि पेपरात गुंडाळून दिलं. समोर माणूस बसलेला होता, माय. एक शब्द विचारायचा होता. हायेत का. मला त्याची लाज वाटत आली होती लहानपणापासून, म्हणून मी विचारायचोच नाही कधी.

चौथ्या दिवशी पोरीचा बाप एकटाच आला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं ताट पिशवीतून काढून अण्णांच्या पुढं ठेवलं आणि म्हणाला, "भांडी मांडवात मांडली होती. नवरदेवाच्या मावशीनं मोठ्यानं वाचलं." मग म्हणाला, "माझ्या पोरीला त्या घरात नांदायचंय, अण्णा. उद्या त्याला साधी सर्दी झाली तरी हेच काढतील." अण्णांनी ताट उजेडात धरलं. तू पोत्यावरून उठलीस, ताट हातात घेतलंस, वाचलंस. मी शिडीवर होतो, वरच्या फळीवरचा हंडा धरून. तू वर माझ्याकडं बघितलंस. मी हंडा बघत राहिलो. मग तू म्हणालीस, "माझ्याच हातनं झालं. डोळ्याला दिसलं न्हाई. कालपरवाच नंबर निघालाय." आणि नव्या चष्म्याची डबी पण दाखवलीस त्यांना.

अण्णांनी सगळी भांडी नवी दिली. स्वतः लोह्याला गेले, नारळ आणि कापडाचा आहेर घेऊन, नवरदेवाच्या बापासमोर हात जोडले. आल्यावर मशीन कपाटात ठेवली आणि तुला म्हणाले, "बाई, आता तुम्ही आत पॅकिंगला बसा. मला तुमच्यावर राग न्हाई, पण लोकांचं तोंड धरता येत न्हाई." तू टॉवेल घडी घालून पिशवीत ठेवलास. त्या दिवशी चालत घरी येताना मी वाट बघत होतो की तू मारशील. अर्ध्या वाटेवर म्हणालीस, "विचारायची लाज वाटली ना तुला?" मी मान डोलावली. मग घर जवळ आल्यावर म्हणालीस, "मी अण्णाला सांगणार न्हाई. तू सांग, जवा जमल तवा."

जमलं नाही. दोन वर्षं तू आतल्या अंधाऱ्या खोलीत पेपरात भांडी गुंडाळत होतीस, गुंडाळायच्या आधी पेपर वाचत होतीस. मी रोज उद्या म्हणत होतो. मग तुला कावीळ झाली, अंगावर काढलीस, आणि संपलंच. अण्णा मातीला आले होते. माझ्या पाठीवर हात ठेवून उभे होते. तेव्हाही नाही. तेराव्यानंतर मी गाडीत बसलो, जी पहिली मिळाली ती.

तर मागच्या रविवारी मालकाकडून सुट्टी घेतली आणि लातूरहून एस.टी.त बसलो. ठरवून. आज सांगायचंच. अहमदपूरपर्यंत वाक्य पाठ करत होतो, अण्णा ते ताट मी केलं होतं, अण्णा ते ताट मी. शेजारी एक बाबा कोंबडा घेऊन बसला होता, त्याच्याशी बोलत बसलो तर वाक्य विसरलो. लोह्याला गाडी दहा मिनिटं थांबली. मी खाली उतरलो आणि चहाच्या टपरीवर चाळिशीकडं झुकलेला प्रत्येक माणूस निरखून बघितला. वाटलं ह्यातलाच एखादा तो नवरदेव असंल. एकाला तर नाव विचारणार होतो. तो पिकअपमध्ये कांदे भरून राहिला होता आणि चांगला धट्टाकट्टा होता. मला उगीच बरं वाटलं. मग कंडक्टर ओरडला.

दुकान ओळखू येत नव्हतं. फळ्या रिकाम्या, भिंतीवर पराती होत्या तिथं तेवढे गोल पांढरे राहिलेले. पण गर्दी होती. इतकी गर्दी रोज असती तर बंद कशाला झालं असतं. आता लग्नात कुणी तांबे-घागरी देत नाही म्हणे, पाकीट देतात, नाहीतर खोक्यातले सेट. त्यावर नाव टाकायला जागा नसते. अण्णांचा मुलगा बाहेर नोकरीला. दुकानातल्या मामानं मला लांबूनच ओळखलं. "आलास का? आम्हाला वाटलं तुझ्या नावाआधी बी काहीतरी टाकावं लागतंय," म्हणाला. मला हसू आलं आणि लगेच गेलं. एक मावशी शेवटच्या कढईसाठी भांडत होती. "बंद करून राहिले तरी भाव सोडंनात," ती म्हणाली. अण्णा गल्ल्यावरून म्हणाले, "दुकान बंद हाय मावशी, डोकं चालू हाय अजून." तोच आवाज, फक्त बारीक झालेला.

मला त्यांनी शेजारी बसवलं. येईल त्याला सांगत होते, "हा बाईंचा मुलगा. दारात बसायच्या बघा त्या." आणि लोकांना आठवत होतीस तू. एक मास्तर म्हणाले, माझ्या लग्नातल्या तांब्यावर त्यांचंच अक्षर आहे, अजून पुसलं नाही. एका बाईनं तुझा प्रश्न सांगितला, तुझ्या आवाजात, आणि सगळे हसले. मला त्या दिवशी पहिल्यांदा लाज वाटली नाही त्याची. मग गर्दी जरा कमी झाली. अण्णा माझ्याकडं न बघता म्हणाले, "एक विचारू का रे? मी त्यांच्याकडनं मशीन काढून घेतली, ते चुकलं का माझं? दारात होत्या तवा दिवसभर बोलायच्या. आत गेल्या आणि गप्पच झाल्या. एका चुकीपायी." मग म्हणाले, "जाता जाता तेवढंच डोक्यात राहिलंय बघ."

याच्याहून सोपी जागा मला कुणी दिली नसती. वाक्य तोंडात होतं. मी म्हणालो, "न्हाई अण्णा, तुम्ही तरी काय करणार? तिला दिसतच नव्हतं शेवटी शेवटी."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "बरं झालं सांगितलंस बापा," म्हणाले, आणि चेहरा असा मोकळा झाला की काय सांगू. त्यांच्या समाधानासाठी खोटं बोललो असं मी परतीच्या गाडीत स्वतःला सांगून बघितलं. पण मी बोललो तेव्हा त्यांचा चेहरा बघितलाच नव्हता. आधी बोललो, मग बघितला. तुला खरं तर नीट दिसत होतं, माय. तुझा चष्मा नुसता जवळचा होता. चौदा वर्षं जिनं एक अक्षर चुकवलं नाही, तिला मी भर दुकानात दुसऱ्यांदा आंधळी केली. मामानं फोटो काढला. अण्णांचा हात माझ्या खांद्यावर आहे आणि मी हसतोय. तो पण मी स्टेटसला लावला होता. संध्याकाळी काढून टाकला.

अण्णा महिनाअखेर उदगीरला भावाकडं कायमचे राहायला जाणार आहेत. पत्ता मी घेतलाय, पिनकोडसकट. निघताना तेच म्हणाले की ये कधीतरी, नाहीतर दोन ओळी टाक. म्हणून वही आणली. खरं सांगायचं तर ह्या कागदावर वरती आधी 'अण्णा' लिहिलं होतं. दोनदा लिहिलं. मग पान फाडलं आणि 'माय' लिहिलं, तेव्हा कुठं हात सुटला. एवढं सगळं तुला लिहिलं, जे तुला आधीच माहीत होतं. त्यांना पत्र पोचतं आणि तुला पोचत नाही, एवढ्यासाठीच तुला लिहिलं.