डाळ निवडायचं सूप

वर्धा, गुरुवार, संध्याकाळ

कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात सिस्टर आणि मी मटार सोलत बसायचो. आई गेल्याचं दुःख मी पहिल्यांदा बोलले ते तसंच, मान खाली घालून. म्हणून तर रुग्णालयातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत इतकी वर्षं मी डाळ निवडायचं बांबूचं सूप ठेवलं. हात गुंतले की बायका बोलतात.

आणि आज वरून खात्याची तपासणी होती म्हणून तेच सूप कपाटात लपवलं! लाज कसली वाटली मला?

रोहणा गावाहून आलेली बाई तासभर गप्प बसून परत गेली. माझ्या हाताखालची समुपदेशक वनिता भडकलीच. "मॅडम, सूप काऊन लपवलं? तुमाले तपासणीवाल्याइचा इलाज कराचा होता का त्या बाईचा?" हसले, पण लागलं.

पुढच्या आठवड्यात निवृत्ती. माझ्या जागी विभागप्रमुख म्हणून मोठ्या पदवीच्या देशमुख डॉक्टरांचं नाव सुचवणार होते. त्यांची ती प्रश्नावली तर उद्या मोबाइलही भरून घेईल. पण बाईसाठी वरिष्ठांना वनितासारखं तोंडावर कोण विचारेल?

तर शिफारसपत्र वनिताच्या नावाचं. पुस्तकं आणि चाचण्यांचे संच देशमुखांना, ते छान शिकवतात. कपाटाची किल्ली वनिताला. सूप मात्र खोलीतच राहील. आणि उद्या रोहण्याची सकाळची बस माझी, त्या बाईच्या घरी.