पाखऱ्याची बारी

॥ श्री ॥
पुणे, ८ जानेवारी २०००

ती. दादास,
अश्विनीचा सा. न. वि. वि.

इकडे मी खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. खरं म्हणजे एका जागी बूड टेकत नाही. जावा नावाची भाषा शिकायला लागून तीन आठवडे झाले. सर म्हणतात, आधी वर्णन लिहायचं, त्याला क्लास म्हणतात. मग त्या वर्णनावरून हव्या तेवढ्या वस्तू करायच्या, त्यांना ऑब्जेक्ट म्हणतात. पुण्याच्या मुली माना डोलावतात, म्हणून मीही डोलावते. कॉम्प्युटरपुढे बसलं की डोक्यात नुसता भुसा.

१४ मार्चला तोंडी परीक्षा आहे. स्वतः केलेला प्रोग्रॅम बाहेरच्या परीक्षकांना समजावून द्यायचा. चाळीसातल्या दहाजणांना पुढच्या वर्गात घेणार, बाकीच्यांनी टायपिंगची बॅच धरायची. टायपिंगसाठी मी घर सोडलेलं नाही. यादीत नाव आलं नाही तर सरळ निरगुडसरची एसटी धरीन, हे आत्ताच सांगून ठेवते.

प्रोग्रॅमसाठी कुणी बँक घेतली, कुणी वाचनालय. सर मला म्हणाले की तुझ्या घरचं काहीतरी घे. मी शर्यतीचा बैलगाडा घेतला. तेव्हा आता तू मास्तर हो आणि गाड्याला काय काय लागतं ते सगळं कळव. मी बाकी आयुष्यभर शर्यतीच्या घाटाच्या कडेला बसून शेंगाच खाल्ल्या.

आईला नमस्कार. माया असू दे, आणि उत्तराला उशीर नको.
तुझी अश्विनी

॥ श्री ॥
निरगुडसर, १७ जानेवारी २०००

चि. अश्विनीस,
गोरखचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. आईला वाचून दाखवलं, एसटीचं वाक्य सोडून. तू पुण्याला जाताना सावळेराममामांनी विचारलं होतं, की पोरगी कंपुटर शिकून काय बैलांना दावं बांधनार हाय का. मी त्यांना सांगितलं होतं की जत्रेपर्यंत थांबा, मग बोला. माझी मान तुझ्या हातात आहे, तेव्हा एसटीचं नाव काढायचं नाही.

आता गाडा लिहून घे. मागची जोडी, पुढची जोडी, असे चार बैल. त्यांच्या पुढे घोडी. मालकाचं नाव. घाटात एकदा गाडा सुटला की ती एक बारी, आणि बारीला लागलेले सेकंद. बारी झाली की बैलाला आठ दिवस आराम, हा आपला घरचा नियम. तो मोडला की बैल मोडतो.

यंदा आपल्या पुढच्या जोडीत पाखऱ्या आहे. मामांचा पुढचा एक बैल म्हातारा झाला, म्हणून तिकडच्या घाटांत त्यांच्या गाड्यालाही पाखऱ्याच पळतो. टेम्पोतून पिंपरी पेंढारला जातो, पळतो आणि परत येतो. घरात कुणाला चैन नाही तसं त्यालाही नाही. परवा दाव्याला हिसके देऊन खुंटाच उपटला.

जेवणाची हेळसांड करू नकोस. आमचा जीव तुझ्यापाशी आहे हे ध्यानात ठेव.
तुझा दादा

॥ श्री ॥
पुणे, १२ फेब्रुवारी २०००

ती. दादास,
सा. न. वि. वि.

प्रोग्रॅम चालला. दोन गाडे केले, एक तुझा, एक मामांचा. गाडा तयार झाला की तो आपले चार बैल आपणच नवे करतो, त्यांना नावं देतो, आणि बारी झाली की आठ दिवस मोजतो. मी इतकी खूश झाले की शेजारच्या मुलीला माझ्या वाटणीचा चहा दिला.

तेवढ्यात सर आले. त्यांनी विचारलं, एकूण बैल किती. मी मोजायला लावलं तर आठ आले. सरांनी तुझं पत्र मागून वाचलं, गालात हसले आणि निघून गेले. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. प्रत्येक ओळ दहा वेळा तपासली. दोन गाडे, चार-चार बैल, आठच होणार ना? महिना उरलाय आणि चूक कुठे आहे हेच कळत नाही. सर म्हणतात, तुझं तुला सापडलं पाहिजे.

चिडून लिहिलं असेल तर पोटात घाल.
अश्विनी

॥ श्री ॥
निरगुडसर, २४ फेब्रुवारी २०००

चि. अश्विनीस,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. पाखऱ्या घाटात बसला. मंगळवारी आपल्या घाटात सरावाची बारी होती. मध्यावर त्याचे पुढचे गुडघे टेकले, मागची जोडी अंगावर आली. उजवा खूर फाटलाय, खांद्याला मार आहे. डॉक्टर म्हणाले, यंदा पळायचं नाव नको. पुढचं पुढं बघू.

चूक माझी आहे आणि मामांचीही. माघी पुनवेला, म्हणजे शनिवारी, मामांनी त्याला पिंपरी पेंढारला पळवला. त्यांच्या शेवटच्या बारीपासून त्यांनी आठ दिवस नीट मोजले होते. मीही माझ्या बारीपासून नीट मोजले होते. बैल परत घेऊन आलेल्या मामांच्या गड्याला, बहिरूला, मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. महिनाभर बैल दर चौथ्या दिवशी पळत होता आणि आम्ही दोघं नियम पाळल्याच्या समाधानात होतो. मामांच्या हिशेबात एक पाखऱ्या होता, माझ्या हिशेबात दुसरा. दावणीला एकच.

बाई, तुझे आठ कसे आले ते मला ठाऊक नाही. बैल सात आहेत.

मला लाज वाटते आहे. पण तू मन लावून अभ्यास कर.
दादा

॥ श्री ॥
पुणे, १५ मार्च २०००

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून तुझा लई राग आला, आणि रडता रडताच चूकही सापडली. मीही तेच केलं होतं. दोन्ही गाड्यांनी आपापला पाखऱ्या नवा केला होता. एक पळून आला तरी दुसरा ताजाच.

सगळं मोडून परत लिहिलं. आता बैल आधी तयार होतात, वेगळे. गाड्याला फक्त सांगायचं की तुझा बैल तो. शेवटची बारी कधी झाली हे गाडा नाही, बैल लक्षात ठेवतो, आणि ती तारीख बैलाच्या आत बंद आहे. मामांच्या गाड्यात पाखऱ्या पळाला की तुझ्या गाड्यालाही तो नाही म्हणतो.

काल परीक्षकांनी विचारलं, मालकाला पळवायचंच असेल तर तारीख बदलता येईल का. मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, वापरणाऱ्याची सोय बघायला पाहिजे. मी पुन्हा नाहीच म्हटलं. मला वाटलं, संपलं. आज यादी लागली. दहांत माझं नाव नववं आहे.

पेढे मीच आणीन. पाखऱ्याच्या पाठीवरून माझ्या वतीनं हात फिरव. राग अजून पुरता गेलेला नाही, तरी माझ्यावरची सावली काढू नकोस.
अश्विनी

॥ श्री ॥
निरगुडसर, २० एप्रिल २०००

चि. अश्विनीस,
अनेक आशीर्वाद.

जत्रा झाली. यादीची बातमी सांगितल्यावर मामांनी आपण होऊन तुझी चौकशी केली, हे आधी लिहितो.

पाखऱ्याचा खूर भरून आलाय, चालतो छान. लाऊडस्पीकरवर आपला नंबर पुकारला आणि मला राहवेना. वाटलं, एकच बारी. मामाही म्हणाले, येकच. खोटं कशाला सांगू, मी जाऊन त्याचं दावं सोडलं. तुझ्या कॉम्प्युटरातला पाखऱ्या नाही म्हणतो. ह्यानं तसं काही म्हटलं नाही. मान खाली घालून जुवाखाली यायला निघाला, फाटलेला खूर अलगद टेकवत.

मग नाही मीच म्हणालो. आपला गाडा यंदा सुटला नाही.

आहे तशीच राहा, आणि आम्हाला विसरू नकोस.
तुझा दादा