दुरुस्त टर्बोतून निळा धूर

१४ नोव्हेंबर २००६, लोहारा

सकाळी निळा धूर सोडत एक जीप गॅरेजात शिरली आणि आपण खलास! चालवत होती भैरवी — मधुसूदन वकिलांची मुलगी. कॉलेजात माझ्या पुढच्या बाकावर बसायची. म्हणजे मी होतो तोवर. सरांनी कॉपीचा खोटा आळ घेतला, मी टेबल उलटवलं, कॉलेज संपलं. खोटा आळ आपल्याला सहन होत नाही!

टर्बोचा, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, पाइप काढला — आत तेलच तेल. पंख्याचा दांडा बोटाने हलवला तर डुगडुग. "दांड्याचे बुश घासले," मी म्हटलं.

"कॉलेजात कधी एवढंही बोलला नाहीस!"

१५ नोव्हेंबर

कापसाला भाव नाही, नवी गाडी घेतो कोण? जुनीच जगवा. नवे बुश, तेल अडवणारी नवी सीलं. सुरू करण्याआधी टर्बोत तेल सोडून दांडा हाताने फिरवला. उस्ताद अमरसिंगभाऊ वाकून पाहत होते. "बराबर करून राह्यला बे!" वर्षात पहिल्यांदा शाबासकी!

१७ नोव्हेंबर

गाडी गेली. धूर नाही. भैरवीही नाही. एवढी चांगली कायले दुरुस्त केली?

२३ नोव्हेंबर

परत आली! गाडी, ती, आणि धूर — पहिल्यापेक्षा जास्त! सोबत वकीलसाहेब. "कॉलेज सोडलेल्यांच्या हाती गाडी दिली की असंच होणार." मी पाना आपटला. भाऊ माझ्यावरच उखडले, "वरडू नको! काम उलटं काहून आलं थे सांग. तुह्या हातची चूक निघाली तं उद्यापासून येऊ नको."

भैरवी जीपच्या आरशावरची धूळ नखाने खरवडत होती.

२४ नोव्हेंबर

रागारागात टर्बो पुन्हा उतरवला. दांडा घट्ट, सील धड. शेवटी तेल मोजायची डिपस्टिक ओढली — जी आधी बघायची! इंजिनात तेल खुणेच्या दोन बोटं वर. मग टर्बोतलं तेल खाली उतरणार कुठे? नव्या सीलमधूनही बाहेर येणारच! पण ओतलं कोणी?

दुपारी भैरवी स्कूटीवरून आली. डिपस्टिक तिच्यापुढे धरली. ती लाल झाली.

"मग चांगली गाडी गॅरेजात कशी आणू? सांग ना!"

मी जादा तेल डबड्यात काढलं. शिट्टी वाजवत.

२५ नोव्हेंबर

वकीलसाहेब समोर, भाऊ बाजूला. "कोणाची चूक?" वकीलसाहेबांनी विचारलं. भैरवी तोंड उघडणार, त्याआधी मीच बोललो, "माझी. सील उलटं बसवलं होतं."

ती तडक बाहेर गेली. भाऊंनी तेलाच्या डबड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग उद्यापासून येऊ नको," म्हणाले. आणि मिशीत हसले!

बाहेर स्कूटी सुरू झाली, पण जागची हलेना — माझ्यासाठीच थांबली होती! अंगातली कामाची डांगरी खुंटीला अडकवली. बाहेर पडलो, दार ओढून घेतलं.